रंगूने खोपा ओढला

फार मागची गोष्ट आहे. तेव्हाही सुगरण पक्ष्यांत नर खोपा विणायचा आणि मादी तो ओढून पाहायची. तिला पटला तरच संसार.

पिवळोबा नावाच्या आळशी नराला गेल्या सालचा एक तयार खोपा पडलेला सापडला. तो त्याने विहिरीवरच्या बाभळीला अडकवला आणि ऐटीत बसला.

रंगू नावाची मादी तो पाहायला आली. "वा, पिवळोबा! एका दिवसात घर?"

"तयारच आणलं, रंगूबाई. गेल्या साली पास झालेलं आहे."

"गेल्या सालच्या वाऱ्याला पास. मग वादळात अकरा खोपे अंड्यांसकट विहिरीत गेले. तेव्हापासून आम्ही दोनदा ओढतो, ठाऊक नाही होय?"

तिने एकदा ओढलं. खोपा टिकला. पिवळोबाने छाती फुगवली. दुसऱ्यांदा ओढताच खोपा सुटून खालच्या काट्यांत अडकला.

रंगू हसली. "घर चांगलं आहे रे. फांदीशी त्याची ओळखच नाही झालेली."

पिवळोबाने खोपा वर आणला आणि तीन दिवस तो फांदीला हिरव्या गवताच्या गाठी मारत राहिला. रंगू परत आली तेव्हा तो स्वतःच खोप्याला लोंबकळत होता.

"दोनदा ओढून झालं," तो धापा टाकत म्हणाला. "हे तिसरं. अंडी माझीही असणार ना!"