चिंधाईची आणि मोडक्या सुईची कहाणी

ऐक चिंधाई, तुझी कहाणी तुझ्याच दारी सांगते. आटपाट नगर होतं, नगराबाहेर चिंध्यांनी लगडलेलं हिवराचं झाड होतं, त्या झाडात तू होतीस. नगरात म्हाळसा नावाची बाई होती. गोधड्या शिवायची. तिच्या टाक्यांची ओळ म्हणजे मुंग्यांची रांग. घरात सून होती गोजरा, तिचे दिवस भरत आले होते.

म्हाळसेला सासूनं मरताना वसा दिला होता. गोधडी संपली की सुई उजेडात धरून बघावी. बोथटली, वाकली, गंजली, तर चिंधीत टोचून चिंधाईच्या झाडाला बांधावी, नवी सुई घ्यावी. मोडली, तर टोक सापडेपर्यंत गोधडी उसवावी.

म्हाळसा उतली, मातली. सुई सासूचीच, हाताला बसलेली. बोथटली, तर तिनं दगडावर घासली. गंजली, तर केसांत फिरवली. वाकली, तर दातांत धरून सरळ केली. नवी सुई म्हणजे नवी सून, म्हणायची, हाताखाली यायला वेळ लागतो. आता बायांनो, अशा जिभेला काय म्हणावं?

मग गोजरा बाळंत झाली, मुलगी झाली. म्हाळसेनं दुपटं शिवायला घेतलं. शेवटच्या ओळीत सुई कट्‌कन मोडली. नेढं हातात राहिलं, टोक दिसेना. उसवावं, तर बारसं तोंडावर आलेलं. केरात गेलं असेल, म्हणाली. दुपटं झटकलं, बाळाखाली अंथरलं.

पहिल्या दुपारी बाळाला उचललं, दुपटं काढायला गेली, दुपटं उचलेना. चटईला शिवलेलं. टाके बारीक, गंजाच्या रंगाचे. म्हाळसेनं ते कापले, कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दुपारी गोजरा निजून उठली, तर तिचा पदर दुपट्याला शिवलेला. सून हसली, आत्याबाई झोपेतसुद्धा शिवतात की काय, म्हणाली. म्हाळसेनं टाके उजेडात धरून बघितले. टाके तिच्याच हातचे होते. आपला हात कुणाला ओळखू येत नाही? तिनं टाके कापले, दुपटं पेटीत कोंडलं, वर पाटा ठेवला.

तिसऱ्या दुपारी पाटा जागेवर होता, पेटी बंद होती, दुपटं पाळण्यात होतं. बाळाचं झबलं दुपट्याला शिवलेलं, शेवटचा टाका बेंबीशी. बाळ रडत नव्हतं, टक लावून आढ्याकडे बघत होतं. म्हाळसेनं टाका ओढला, तर बाळाचं पोट टाक्यामागून वर आलं.

मग म्हाळसा ऊर बडवीत झाडाकडे धावली. झाडाखाली एक बाई बसली होती. अंगभर चिंध्या, चिंधीचिंधीत सुई. म्हाळसेनं तिचे पाय धरले. चूक माझी आहे, म्हणाली, लेकराला सोड.

बाईनं मान वर केली नाही. "मी धरलंच नाही गं. तुझी सुई शिवते आहे. तू राबवलीस, निरोप दिला नाहीस, तिला थांबायचं ठाऊक नाही. जा, तुझे सगळे टाके उसव. कापू नको, कापलेला टाका पुन्हा धरतो."

मग म्हाळसा पाळण्याशी बसली. एकेक टाका नखानं उसवला, बेंबीचा तेवढा सुटेना. वरचा थर सुटला, तिचं लुगडं. मधला थर सुटला, नवऱ्याचं धोतर. आतला थर सुटला, सासूचा पदर. त्या पदरात टोक सापडलं. हाताला ऊन लागलं. चिमटीत धरलं, तरी पाळण्याकडे ओढ घेत होतं.

म्हाळसेनं टोक नि नेढं एका चिंधीत टोचलं, झाडाला बांधलं. "आई, पुष्कळ शिवलंस. आता नीज," म्हणाली, आणि सासूसाठी रडावं तशी रडली. घरी आली, तो बेंबीचा टाका आपोआप गळलेला. बाळानं टाहो फोडला, गोजरेनं पदराखाली घेतलं. मग म्हाळसेनं नवी सुई आणली, नवं दुपटं शिवलं, पुन्हा वसा टाकला नाही.

मुलीच्या बेंबीशी तांबूस टिंब राहिलं. लोक तीळ म्हणतात. म्हाळसा न्हाऊ घालताना रोज त्यावर बोट फिरवते, खुपत तर नाही ना, बघते.

चिंधाई, जशी म्हाळसेचं लेकरू सोडवलंस, तशी तुम्हां-आम्हां ऐकणारणींची लेकरं राख. साठां टाक्यांची कहाणी, पांचां टाक्यांत सुफळ संपूर्ण.