रांगोळीखालचा खड्डा

ही गोष्ट फार जुनी. त्या काळी लोक अंतर कोसांत मोजत आणि राजे पालखीतून फिरत.

एका राज्यात एक राजा होता. मनाने चांगला, पण त्याची एक खोड होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो कशासाठीही खजिन्यातून काही द्यायचा नाही. दर चैत्रात तो दौऱ्यावर निघे आणि जिथे मोडतोड दिसेल तिथे दुरुस्तीचा हुकूम देई. डोंगराकडच्या एका गावचा रस्ता मात्र वर्षानुवर्षे तसाच होता. रस्ता कसला, गावातून वाड्यांकडे जाणारी साधी गाडीवाट. राजा दरवर्षी तिच्यावरून जाई, तरी तिच्या वाट्याला कधी मुरमाची एक पाटी आली नव्हती.

याला कारण गावकरीच! राजा येणार म्हटलं की सारं गाव कामाला लागे. खड्ड्यात पेंढा कोंबायचा, पेंढ्यावर माती, मातीवर शेणाचा सडा आणि सड्यावर रांगोळी. पालखीच्या भोयांना कडेकडेने न्यायचं, की झालं. राजा डोकावून म्हणे, "वा! काय देखणा रस्ता!" गाव खूश. मग वळवाच्या पहिल्या सरीला पेंढा वाहून जाई आणि गाव पुन्हा चिखलात. याला पाहुणचार म्हणायचं की आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, ते तुम्हीच ठरवा.

त्या गावात गिरजाई नावाची सुईण होती. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात पलीकडच्या वाडीतली येसू बाळंतपणात अडली. गिरजाई निघाली, पण तिची गाडी वाटेतच चाकांच्या आसापर्यंत रुतली. चिखल तुडवत ती पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं. ते दुःख तिच्या उरात तसंच राहिलं होतं. आता येसूला पुन्हा पाचवा महिना लागला होता. म्हणजे बाळंतपण पुन्हा श्रावणातच.

चैत्रात राजाची वर्दी आली, तशी गिरजाई पाटलांकडे गेली.

"पाटील, औंदा रस्ता हाय तसाच राहू द्या. बघू द्या राजाला."

"पाव्हण्याला घरातली फाटकी गोधडी दाखवतं का कुणी?" पाटील म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, गिरजाई."

"मग मूठ झाका की! खड्डा कशापायी झाकता?"

पण ऐकतो कोण? रांगोळ्या पडल्याच.

पालखी वेशीत आली, तर समोर गिरजाई आपली बैलगाडी आडवी घालून उभी. हात जोडून म्हणाली, "महाराज, अडलेल्या बायकांकडं मी ह्याच गाडीनं जाते. आज वाडीपतोर तुमी माझ्या गाडीत बसा."

पाटील गाडी बाजूला घ्यायला धावले. राजाला मात्र गंमत वाटली. तो उतरला आणि गाडीत जाऊन बसला.

दहा पावलं गेली नसतील, तोच चाक एका सुरेख कमळाच्या रांगोळीवर आलं आणि धाडकन खाली गेलं. राजा एका अंगावर कोसळला आणि त्याचा मुकुट घरंगळत बांधाला जाऊन लागला.

राजाने खाली उतरून खड्ड्यातला पेंढा उपसला. "हे कुणी केलं?"

"आमीच, महाराज," पाटील मान खाली घालून म्हणाले. "खड्डं दाखवायची लाज वाटली."

मग गिरजाईने येसूच्या बाळाची हकिकत सांगितली.

"चूक माझीही आहे," राजा म्हणाला. "पालखीत बसून मी रस्ते पाहत राहिलो. उद्यापासून इथे दगड आणि मुरूम येईल, वाटेतल्या ओढ्यावर पाणी खालून जायला मोरी बांधली जाईल. पक्का रस्ता करून देतो."

"लई उपकार झालं, महाराज. पण येकदा देऊन भागायचं न्हाई," गिरजाई म्हणाली. "बाळंतिणीला येक दिस शेक दिला अन् सोडून दिली, आसं चालतं का? रस्त्याचंबी तसंच. दरसाल बघावं लागतंय."

राजाला ते पटलं. त्याने तिथेच हुकूम दिला, की राज्यातल्या प्रत्येक लहान रस्त्याला डागडुजीसाठी दरसाल पावसाआधी खजिन्यातून वाटा मिळेल, दौरा होवो अगर न होवो. मात्र रस्त्याकडेचे चर गावाने साफ ठेवायचे, आणि कुठे काही मोडलं तर न लपवता कळवायचं. दुसऱ्या दिवशी पहिली कुदळ पाटलांनी उचलली.

श्रावण आला. एका सकाळी भर पावसात वाडीतून सांगावा आला. बैल दुडक्या चालीने निघाले ते थेट येसूच्या दारात थांबले. गिरजाईला पाणी तापवायलाही सवड मिळाली. दुपारी बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा येसू हसत होती आणि गिरजाई पदराने डोळे पुसत होती.

परतताना वाटेत पाटील भिजत उभे दिसले. पावसाने एक नवा खड्डा पडला होता आणि ते त्यात लाल फडकं बांधलेली काठी रोवत होते.

"सगळ्यांना लांबूनच दिसला पायजे," ते म्हणाले. "कळवलंय. उद्या मुरूम येतोय."

मुलांनो आणि मोठ्यांनो, लाजेपोटी झाकलेला खड्डा कधीच बुजत नाही. तो उघड दाखवावा, आणि बुजवल्यावरही त्याच्याकडे लक्ष ठेवावं.