नऊ बोटांची पावलं

एकदा काय झालं, खाडीकाठच्या एका मिठागरातलं मीठच रुसलं. शेवंते, आधी पाय पांघरुणात घे, मग पुढं सांगते.

तर त्या आगरावर हिरू नावाची पोर राहायची, आई-बापासंगं. तिचा एक आजा होता, जोमा. त्याच्या पायांना बोटं नऊच. दहावं खेकड्यानं नेलं, असं तो सांगायचा. खरंखोटं त्या खेकड्याला ठाऊक.

आता मिठाची रीत अशी, बरं का, की आधी वाफ्यातला चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा. मग त्यात खाडीचं पाणी घ्यायचं. उन्हानं पाणी आटलं की खाली मीठ. आजा तुडवायचा तेव्हा हिरूला आपल्या पावलांवर उभी करायचा. चार पावलं झाली की थांबायचा, वाकायचा आणि भुईला विचारायचा, "दुखलं का गो बाय?" हिरू खुदुखुदु हसायची.

मग एका वर्षी आजा गेला. पिकलं पान ते, गळायचंच. पण हिरूला करमेना.

मग बाप वाफ्यात उतरला. त्यानं तुडवून तुडवून पाय सुजवले, पण चिखल काही घट्ट होईना. पाणी घेतलं की सगळं गढूळ. मीठ पडणार कुठून? बाप म्हणाला, होळीपर्यंत मीठ पडलं नाही तर आगर सोडायचं, शहरात जायचं. हिरू वाफ्याच्या बांधावर जाऊन बसली. आज्याचं सगळं तर इथंच. इथून गेलं तर तो आठवायचा कशात?

मग ती स्वतःच वाफ्यात उतरली. पहिल्या दिवशी रडत रडत तुडवलं. चिखल मऊचा मऊ. दुसऱ्या दिवशी बापासारखे दातओठ खाऊन पाय आपटले. तरी तेच. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना ती दमून थांबली, आणि तिला तो खेकडा आठवला. आजा त्याची नक्कल करत वाफाभर आडवा चालायचा, ते आठवलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी तिला हसू फुटलं. ती वाकली आणि भुईला म्हणाली, "दुखलं का गो बाय?"

मग पायाखालची भुई हलकेच दबली. हिरूनं वळून पाहिलं. तिच्या इवल्या पावलांशेजारी मोठी पावलं उमटत होती. एक पाच बोटांचं, एक चार बोटांचं. हिरू घाबरली नाही हं. आपल्या माणसाला कोण घाबरतं? ती चालली तशी ती पावलंही चालली. मधेच आडवी चालली, खेकड्यासारखी.

सगळा वाफा घट्ट झाला. होळीच्या आदल्या दिवशी तिथं मीठ पडलं, पांढरंशुभ्र. बापानं ते ओंजळीत घेतलं आणि आजा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडला. मग तो हिरूचा हात धरून पुढच्या वाफ्यात उतरला. भुईला विचारताना त्याला जरा लाज वाटली, पण त्यानं विचारलं.

आगर काही सुटलं नाही. सगळी तिथंच सुखानं राहिली. आज तुमच्या आमटीत होतं ना, ते मीठ तिथलंच. आता डोळे मिटा. आणि शेवंते, पाय आत. त्या खेकड्याचा अजून पत्ता नाही.