मधलं भगदाड

सावरमाळ नावाच्या गावात लहानू नावाचा एक भोळा गडी होता. नाव लहानू, पण अंगापिंडाने थोराड. भरलेलं पोतं काखेत मारून चढ चढायचा. डोक्याचं मात्र विचारू नका. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. आता तुम्ही म्हणाल, यात भोळेपणा कसला? ऐका तर खरं.

लहानूला आईबाप नव्हते. एक कृष्णाआत्या होती आणि एक चंद्री नावाची म्हैस होती. लहानूचा सगळा जीव चंद्रीत. पण होळी आली की गावचा ओढा आटायचा आणि आत्या चंद्रीला आपल्या लेकीच्या गावी धाडायची. मग पाऊस पडेपर्यंत लहानू रिकाम्या गोठ्यात बसून हमसून हमसून रडायचा.

पूर्वी असं नव्हतं बरं का. पूर्वी दसरा झाला की अख्खा गाव ओढ्यात उतरायचा, बंधारा घालायचा, आणि अडवलेलं पाणी वैशाखापर्यंत पुरायचं. मग गावातले सगळे शहाणे झाले. म्हातारे पारावर बसून म्हणायला लागले, “आम्ही आमचं केलं. आता पोरांनी करावं.” पोरं शाळेच्या कट्ट्यावर बसून म्हणायला लागली, “पाणी संपवलं कुणी? ह्यांनीच ना? मग ह्यांनीच निस्तरावं.” दोघांचंही अगदी बरोबर होतं. ओढा तेवढा दरसाल कोरडा पडायचा.

यंदा दसरा झाल्यावर आत्या म्हणाली, “लहान्या, माझ्याच्यानं आता हंडे वाहवत नाहीत. बंधारा झाला तर चंद्री राहील. नाही झाला, तर ती कायमची लेकीकडे.”

लहानू धावत पारावर गेला. तिथे दाजीबाअण्णा बाजेवर आडवे झाले होते. हे म्हाताऱ्यांचे पुढारी. बाज त्यांनी घरून आणवली होती, कारण पार पाठीला टोचायचा.

“अण्णा, बंधारा घालू या.”

“घालू रे. पण आधी ओढा साफ नको? जा, पाण्यात जे दिसेल ते बाहेर काढ आणि उकिरड्यावर टाक.”

लहानू गेला. पाण्यात जे दिसलं ते काढलं. बायांनी भिजत घातलेल्या वाकळा काढल्या. कुणाचं तरी धोतर काढलं. सगळं उकिरड्यावर नेऊन टाकलं. संध्याकाळी दाजीबाअण्णा पंचा गुंडाळून उकिरडा उपसत होते.

“अरे शहाण्या! वस्तू कुणाची आहे ते बघावं, आणि ज्याची त्याच्या दारात नेऊन ठेवावी!”

“चुकलं अण्णा. पुढच्या वेळी तसंच करीन.”

मग लहानू पोरांकडे गेला. पोरांचा पुढारी तेजस. त्याने ‘हरित सावरमाळ’ नावाचं मंडळ काढलं होतं. मंडळाचे हिरवे टी-शर्ट आले होते, काम अजून यायचं होतं.

“लहानूदादा, आलास ते बरं झालं. आज आमची स्वच्छता मोहीम आहे. आम्ही फोटो काढतो, तू कचरा काढ.”

लहानूला अण्णांचा धडा आठवला. दिवसभर ओढ्याकाठी म्हैस राखणारा माणूस तो. कोण काय फेकून जातं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने एकेक वस्तू उचलली आणि ज्याची त्याच्या दारात नेऊन ठेवली. दाजीबाअण्णांच्या दारात थर्माकोलच्या ताटांचा ढीग लागला. नातवाच्या जावळाच्या पंगतीची होती ती. तेजसच्या दारात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. त्या मागच्या स्वच्छता मोहिमेतल्या.

गावात नुसता शिमगा झाला. जो तो आपल्या दारातून शेजाऱ्याच्या दारात कचरा लोटायला लागला. तेजस लाल झाला. “अरे दादा, असं दारात आणून टाकतात का? गुपचूप खड्डा करायचा, आत टाकायचं, वरून माती लोटायची. वरती काही म्हणजे काही दिसता कामा नये!”

“चुकलं तेजसभाऊ. पुढच्या वेळी तसंच करीन.”

पुढे तालुक्याहून रोपं आली. झाडं लावायचा कार्यक्रम ठरला. म्हाताऱ्यांनी पूर्वीच्या झाडांवर भाषण केलं, पोरांनी पुढच्या झाडांवर केलं. मधल्या वेळात आत्ताची रोपं उन्हात माना टाकत होती. दोघंही दमले तेव्हा कुणीतरी म्हणालं, “लहानू, लाव रे तेवढी.”

लहानूने लावली. खड्डा केला, आत टाकलं, वरून माती लोटली. संध्याकाळी अण्णा बघायला आले तर माळ आपला सपाट.

“रोपं कुठायत रे?”

“आत.”

अण्णांनी कपाळावर हात मारला. “अरे गाढवा, मुंडकं वर ठेवायचं! चहूबाजूंनी माती दाबायची. काट्यांचं कुंपण करायचं आणि काठी घेऊन राखण करायची. मुळं धरेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही!”

“चुकलं अण्णा. पुढच्या वेळी तसंच करीन.”

या सगळ्यात बंधारा राहिलाच. शेवटी कृष्णाआत्या ग्रामसभेत उभी राहिली आणि दोन्ही बाजूंना असं काही बोलली, की लाजेकाजेने का होईना, निवाडा झाला. अर्धा बंधारा म्हाताऱ्यांनी देवळाच्या काठाकडून घालायचा, अर्धा पोरांनी शाळेच्या काठाकडून. फिट्टंफाट.

आणि काय सांगू, ईर्ष्येला पेटले की हो सगळे! मातीची पोती भरली, थरावर थर लागले. म्हाताऱ्यांनी दोरीने मोजून आपलं अर्धं केलं. पोरांनी मोबाइलवर मोजून आपलं अर्धं केलं. दोघांनी आपापल्या अर्ध्यावर नारळ फोडला आणि घरी गेले. मध्ये बैलगाडी जाईल एवढं भगदाड राहिलं. पाणी त्यातून खळाळत निघून चाललं.

“अण्णा, मधलं कुणाचं?”

“पोरांचं. त्यांचा मोबाइल खोटा.”

“तेजसभाऊ, मधलं कुणाचं?”

“म्हाताऱ्यांचं. त्यांची दोरी आखूड.”

इकडे आत्याने चंद्रीच्या गळ्यात नवं दावं बांधलं. उद्या न्यायची. ते बघून लहानू पाराशी आला आणि भोकाड पसरून रडायला लागला. अण्णांची दुपारची झोप मोडली. पाराखालीच खुर्ची टाकून तेजस मोबाइल बघत होता. त्याचं लक्ष मोडलं.

अण्णा खेकसले, “रडतोस काय बायकांसारखा! गावात जे नुसतं पडून आहे, कुणाच्या कामाला येत नाही, ते उचल आणि कोंब त्या भगदाडात! कटकट जाईल!”

“बरोबर आहे अण्णांचं,” तेजस मान वर न करता म्हणाला. दोन पिढ्यांचं एकमत झालं ते हे असं. अण्णा कूस बदलून घोरायला लागले.

लहानूने डोळे पुसले आणि गाव धुंडाळलं. मोडका नांगर होता, पण त्यावर कोंबड्या बसायच्या. जुना टायर होता, तो पोरं पळवायची. फुटका रांजण होता, त्यात कुत्री व्यायली होती. सगळंच कुणाच्या ना कुणाच्या कामाला येत होतं. हिंडून हिंडून तो परत पाराशी आला, आणि त्याला एकदम दिसलं.

त्याने अण्णांना बाजेसकट एका खांद्यावर घेतलं. तेजसला खुर्चीसकट दुसऱ्या काखेत मारलं. लोकांना वाटलं, दवाखान्यात नेतोय. लोक बाजूला झाले.

पाणी कमरेला लागलं तेव्हा अण्णा जागे झाले. मोबाइलला लागलं तेव्हा तेजस जागा झाला. तोवर लहानूने दोघांना भगदाडात शेजारी शेजारी घट्ट बसवलं होतं. मुंडकी वर ठेवली होती. काठावर उरलेली दोन-चार पोती रचून चहूबाजूंनी माती दाबली होती. काट्यांचं कुंपण घालून काठी घेऊन तो उभा होता. पाणी तटलं होतं.

“काढ! काढ मला!” दोन्ही मुंडकी ओरडली. दोन्ही काठांवरून म्हातारे आणि पोरं धावली.

लहानूने काठी उगारली. “हात लावायचा नाही! आत्ताच लावलेत. मुळं धरू देत.”

कुणाची पुढे व्हायची छाती होईना. तेवढ्यात आत्या आली. तिने अडलेलं पाणी पाहिलं, चंद्री त्यात जाऊन डुंबत होती ती पाहिली, आणि पदर तोंडाला लावून पोटभर हसली. मग म्हणाली, “मी सांगितलं की सोडेल तो. पण आधी त्यांच्या जागी घालायला पोती आणा!”

मग काय विचारता! म्हाताऱ्यांनी भरली, पोरांनी वाहिली, पोरांनी भरली, म्हाताऱ्यांनी रचली. कुणाचं अर्धं कुठलं, कुणाला कळेना. दिवस मावळायच्या आत भगदाड बुजलं आणि दोघांना उपटून काढलं.

अण्णा काकडत होते. दातावर दात आपटत म्हणाले, “अरे मूर्खा, गावात टाकायला आम्हीच सापडलो का रे?”

लहानूने मान खाली घातली.

“तसे गावात पुष्कळ होते अण्णा. पण भगदाड लहान निघालं.”