दोन बैलांची वाट

राजा ऋषभसेन प्रतिष्ठान नगरात राज्य करीत असताना, पूर्वी एकदा बोधिसत्त्व मिठाच्या तांड्यात नायकाच्या घरी जन्मला. बापामागे तांडा त्याच्याकडे आला. समुद्रकाठचे मीठ बैलांच्या पाठीवर लादायचे आणि घाट चढून नगरात विकायचे, एवढेच त्या लोकांना ठाऊक. बैलांवर त्यांचा जिवापाड जीव. लादणीच्या बैलाच्या मानेवर जू ठेवणे हा त्यांना बैलाचा अपमान वाटे, आणि तसे करणाऱ्याला ते तांड्यातून घालवून देत.

एका वर्षी राजाची माणसे घाटात खडक फोडून नवी वाट करू लागली. तांड्याने ते हसण्यावारी नेले. राजाची कामे राजाच्या नातवालाच पुरी झालेली दिसतात, असे बोधिसत्त्वाचा मामा भद्रक म्हणाला. बोधिसत्त्व मात्र पाहत थांबला. लादलेले बैल एकामागे एक चालतात, त्यांना पायवाट पुरते. ही वाट दोन बैल शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद होती. म्हणजे गाड्या येणार, आणि कितीतरी बैलांचे मीठ एकच गाडी नेणार.

त्याच सुमारास सोमिल नावाचा तरुण व्यापारी आला. घरदार विकून त्याला तांडा घ्यायचा होता, आणि किंमतही तो भरपूर देत होता. मामाने कानात सांगितले, देऊन मोकळा हो. बोधिसत्त्वाने सोमिलला घाटात नेऊन नवी वाट दाखवली.

"बाबा, दोन पावसाळे गेले की या बैलांना काम उरणार नाही. हे ठाऊक असूनही तांडा हवा असेल तर घे."

सोमिल त्याच्या पाया पडून परत गेला. तांडा मात्र खवळला.

"परक्याचं घर वाचवलंस," मामा म्हणाला. "आता आपल्या लेकरांनी काय खायचं?"

 बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. तो पुन्हा घाटात जाऊन बसू लागला. राजाच्या दगडांच्या गाड्या उभ्या चढावर अडत होत्या, बैल गुडघे टेकत होते. पुढे आणखी एक जोडी जुंपली तर गाडी वर जाईल, हे त्याने ओळखले. तो चढ तांड्याच्या बैलांच्या पायाखालचा होता. अडचण एकच, जू.

त्याने सगळ्यांना तिथे बोलावून हे सांगितले. कोणी हलले नाही. तेव्हा त्याने आपला लाडका बैल एका अडलेल्या गाडीपुढे आणला, जुवाची एक बाजू त्याच्या मानेवर ठेवली आणि दुसरी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"यात अपमान असेल, तर निम्मा माझा."

दोघांनी जोर लावला आणि अडलेली गाडी हलली. वर पोहोचेपर्यंत त्याचा खांदा सोलून निघाला. तो खाली आला तेव्हा मामा स्वतःचा बैल घेऊन उभा होता. त्याने भाच्याच्या खांद्यावरचे जू उतरवले आणि आपल्या बैलाच्या मानेवर ठेवले. पुढे घाटात गाड्यांची रीघ लागली, पण मोल घेऊन त्या चढावर ओढायला तांड्याचेच बैल लागत, आणि तांड्यातली एकही चूल विझली नाही.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तुमच्यातला जो वृद्ध भिक्खू प्रत्येक नव्या नियमावर आधी कुरकुरतो आणि मग सर्वांच्या आधी तो पाळतो, तोच तेव्हाचा भद्रक. आज तुम्हांला भिक्षा वाढणारा गृहस्थ तेव्हा सोमिल होता. तांड्याचा नायक मीच. येणारे दिवस मला आधी दिसले, पण त्यातला तोटा मी दुसऱ्याच्या गळ्यात मारला नाही. हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."