झिपऱ्याची फणी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरपठारावर माणसांपेक्षा मेंढ्याच जास्त होत्या, तेव्हाची ही गोष्ट. पठाराच्या पायथ्याशी मेंढपाळांची एक वस्ती होती आणि तिथं एक म्हातारी राहायची. तिच्याजवळ बारा मेंढ्या होत्या, शिंगाची एक फणी होती आणि झिपऱ्या नावाचा एक कुत्रा होता.

हे नाव लोकांनी चिडवायला ठेवलं होतं, पण म्हातारी ते मिरवायची. "आहेतच माझ्या लेकराला झिपऱ्या," ती म्हणायची. "तुमच्यातल्या कितीजणांना आहेत?" मग वस्तीतल्या निम्म्या पुरुषांचे हात आपोआप टकलावर जायचे.

थंडी पडली की म्हातारीचा एक नेम सुरू व्हायचा. अंगणात ऊन आलं की ती झिपऱ्याला पुढ्यात घ्यायची. आधी बोटांनी कुसळं वेचायची. मग केसांतले गुंते हलक्या हातानं सोडवायची; कात्री कधी लावायची नाही. गुंता सुटला की फणी पार मुळापासून शेंड्यापर्यंत फिरवायची. पाण्याची आंघोळ तर थंडीत नाहीच. जोंधळ्याचा कोंडा तव्यावर कोमट करून त्याच्या अंगाला चोळायची आणि झटकून काढायची. शेवटी पंजांच्या भेगांना एरंडेल. तोवर चुलीवरचं कालवण आटून गेलेलं असायचं.

शेजारी दोनशे मेंढ्यांचा धनी राहायचा. तो कुंपणावरून विचारायचा, "काय म्हातारे, आता वेणी घालून फूल माळणार का त्याला?"

"माळलं असतं की," म्हातारी म्हणायची. "तुझ्या मेंढ्यांनी माझ्या दारातली शेवंती ठेवली असती तर."

आता वस्तीची एक रीत सांगायला हवी. पौषात सगळे कळप एकत्र पठारावर चरायला जात. निघायच्या दिवशी वस्तीचा नाईक सगळ्या कुत्र्यांतून एकाला राखणीसाठी निवडी आणि त्याच्या गळ्यात पितळी काट्यांचा चामडी पट्टा बांधी. ज्याच्या कुत्र्याला पट्टा, त्याच्या मेंढ्यांना कड्याच्या आडोशाची जागा मिळे. बाकीच्यांनी उघड्या वाऱ्यात राहायचं.

मागच्या हिवाळ्यात त्या वाऱ्यात म्हातारीची तीन कोकरं गारठून मेली होती. यंदा तिच्या पाच मेंढ्या गाभण होत्या. तिला पट्टा हवा होता, आणि हे ती कुणापासून लपवत नव्हती.

पट्टा शेजाऱ्यालाही हवा होता. त्याचा कोतवाल नावाचा काळा कुत्रा होता, आणि खोटं कशाला बोला, कुत्रा होता मोठा देखणा. पण त्याच्या केसांची कुणी निगा राखली नव्हती. ते धुळीनं गोळे होऊन लोंबत होते. ते पाहून शेजाऱ्यानं विचार केला, मी दोनशे मेंढ्या कातरतो आणि कातरल्यावर एकेक मेंढी कशी उजळून निघते. त्यानं कात्री उचलली आणि सराईत हातानं कोतवालला पार कातडीपर्यंत कातरलं. वर नदीत धुतलं, तेल चोळलं. पौषात मेंढीच्या लोकरीला वस्तीतलं लहान पोरही हात लावत नाही. पण कुत्र्याच्या बाबतीत एवढ्या जाणत्या माणसाला ते सुचलं नाही.

"मालक, थंडी वाजते," कोतवाल म्हणाला.

"सोस जरा. उद्या सगळे तुझ्याकडंच बघतील."

आणि झालंही तसंच. तेलानं चमकणारं ते भरदार अंग पाहून नाईक खूश झाला. त्यानं पट्टा कोतवालच्या गळ्यात बांधला.

म्हातारीचा चेहरा उतरला. पण चढण चढताना ती झिपऱ्याला म्हणाली, "मान खाली घालू नको लेका. तुझ्यात काही कमी नाही."

पठारावर तिच्या मेंढ्यांना वाऱ्याच्या तोंडावरची जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी ऊन येताच तिनं फणी काढली. झिपऱ्या म्हणाला, "आजी, पट्टा तर गेला. आता कशाला विंचरतेस?"

"पट्ट्यासाठी विंचरत होते होय रे मी? थंडी गेली का अजून?"

तिसऱ्या दिवशी पहाट उजाडली ती दाट धुक्याची. गवतावर दव गोठलं होतं. त्या धुक्यातून लांडगे आले.

कोतवालला त्यांचा वास आला. तो विझलेल्या शेकोटीच्या राखेत पडला होता. त्यानं उठायला पाहिलं, पण आखडलेले पाय सरळच होईनात. झिपऱ्या मात्र कळपाच्या कडेला, वाऱ्यातच झोपला होता. भुंकून सगळं पठार जागं करत तो पुढच्या लांडग्यावर धावला. लांडग्यानं त्याचं नरडं धरलं, पण त्याच्या तोंडात नुसते मोकळे, दाट केस आले. दात कातडीपर्यंत पोचलेच नाहीत. झिपऱ्यानं त्याला खाली दाबून धरलं. तोवर काठ्या घेऊन माणसं आली आणि लांडगे पळाले. एकही मेंढी गेली नाही.

शेजारी रागानं कोतवालवर काठी उगारून म्हणाला, "पट्टा बांधून झोपा काढतोस?"

म्हातारीनं ती काठी मधेच धरली.

"मी भ्यालो नाही, आजी," कोतवाल म्हणाला. "पायच उचलेनात."

नाईकानं कोतवालच्या पाठीवर हात ठेवला. ती दगडासारखी गार होती. मग त्यानं झिपऱ्याच्या केसांत हात घातला. वर गोठलेलं दव बोटांना लागलं, पण आत मुळाशी सगळं कोरडं आणि उबदार होतं. नाईकानं हात बराच वेळ तिथंच ठेवला. त्याचीही बोटं गारठली होतीच.

"इतके हिवाळे मी कुत्रा नुसता डोळ्यांनी निवडला," तो म्हणाला. "हात घालून एकदाबी बघितलं नाही. चुकलं माझं."

त्यानं पट्टा सोडला आणि झिपऱ्याच्या गळ्याला लावला. एवढ्या केसांवरून तो बसेना, दोन भोकं सैल करावा लागला. सगळे हसले. म्हातारीच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. ते तिनं पुसलंही नाही. झिपऱ्याशेजारी ती अशी ताठ उभी राहिली, जणू पट्टा तिच्याच गळ्यात होता. त्या दिवशी तिला अभिमान वाटत होता, आणि तो तिनं मिळवलेला होता.

मग तिनं आपलं घोंगडं काढून कोतवालला गुंडाळलं आणि शेजाऱ्याला म्हणाली, "केस येईस्तोवर हे राहू दे. केस आले की फणी घेऊन जा. पण वेळेवर परत आण."

त्या हिवाळ्यात कड्याच्या आडोशाला पाच कोकरं जन्मली आणि पाचही जगली. पुढच्या वर्षापासून नाईक प्रत्येक कुत्र्याच्या केसांत मुळापर्यंत हात घालून पाहू लागला. शेजारी रोज उन्हात कोतवालला पुढ्यात घेऊन बसू लागला. वेणी घालणार का, असं कुणी विचारलंच, तर तो मान वर न करता "घालीन की" म्हणे आणि फणी फिरवत राही.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: निगा राखायची ती बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी नव्हे, ज्याची राखायची त्याच्या गरजेसाठी.