एका प्रश्नाचं निदान

परिचारिका शर्वरीची वरच्या पदाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. तान्हं बाळ आईकडे सोपवून निघताना गॅस बंद केला का, हेच तिला आठवेना, आणि समोर परीक्षक म्हणून तिला शिकवलेले कडक डॉक्टर टिपणीस!

“तान्हं बाळ टाकून आलात? मग लवकर आटपू. रुग्णाला एकच प्रश्न विचारा आणि निदान सांगा. चुकलात की नापास!”

शर्वरी खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे वळली. “आजोबा, डॉक्टरांनी काय झालंय म्हणून सांगितलं?”

“ह्याच साहेबांनी सांगितलं की, हृदयाची झडप गळतीय.”

“झडप गळतेय, सर.”

“ही लबाडी झाली!”

“आधीचं निदान विचारावं, हे तुम्हीच शिकवलंत, सर. तरी छाती तपासून बघू का, तुमचं बरोबर आहे का ते?”

“नको, नको! पास आहात. पळा, बाळ रडत असेल.”